कडूबाच्या नावेचा धोंडा

उषाबाईच्या घरी देव्हाऱ्यापेक्षा जास्त मान एका धोंड्याला होता. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, पाटावर बसवलेला. काळा, गुळगुळीत, मोठ्या नारळाएवढा. रोज सकाळी त्याला पाणी, हळदकुंकू आणि दोन शब्द. एकदा एका पाहुण्यानं त्याच्यावर पाय टेकवून बुटाची नाडी सोडली, तर म्हातारीनं त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. सोयरीक जमवायला आलेला माणूस होता. सोयरीक गेली, धोंडा राहिला.

आता धोंड्याचं एवढं कौतुक कशापायी, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

गंगेवर पूल नव्हता, तेव्हा वडीगोद्रीच्या खालच्या अंगाला एका घाटावर उषाबाईचा नवरा कडूबा नाव चालवायचा. गंगा म्हणजे गोदावरीच. पण गंगथडीला तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, भूगोलाचे मास्तर सोडले तर. अलीकडं जालना जिल्हा, पलीकडं बीड. बाजारकरू, शेळ्या, नव्या नवऱ्या, मयताला निघालेली माणसं, सगळी कडूबाच्या हातून पार झाली. नाव गच्च भरली की तो मागच्या टोकाला वल्हं धरून उभा राहायचा आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "भरलीऽऽ! आता पुढच्या खेपेला!" मागं राहिलेले लोक चार शिव्या हासडून पिंपळाखाली बसायचे आणि तंबाखू मळायचे.

त्याच्या घराण्यात एक नेम होता. रिकामी नाव पाण्यात घालायची नाही. डोहात साती आसरा राहतात, सात बहिणी. नाव रिकामी दिसली की त्या चढून बसतात आणि मग नाव त्या म्हणतील तिकडं जाते. म्हणून परतीला उतारू नसला की मधल्या फळीवर हा धोंडा ठेवायचा. "बसा पाव्हणं" म्हणायचं आणि मग वल्हं मारायचं. हसायचं त्यानं खुशाल हसावं. कडूबाच्या बापानं नेम पाळला, आज्यानं पाळला, आणि दोघंही पिकलं पान होऊन खाटेवर गेले.

कडूबा खाटेवर गेला नाही. मोठा पूर आला त्या साली नावेचा दोर तुटला. नाव निघालेली बघून कडूबा घाटावरून धावत सुटला, उडी घेतली, आत चढलासुद्धा. उषाबाई धोंडा उचलून मागं पळत होती. "आवं, धोंडा! धोंडा घ्या!" तोवर नाव धारेला लागली होती. कडूबा सापडला खाली, बाभळीच्या बनात. नाव सापडलीच नाही. आणि धोंडा उषाबाईच्या कडेवर राहिला, लेकरासारखा.

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. घाईत नेम मोडला, आसरांनी नेला. गावाच्या जिभेला हाड नसतं. पण उषाबाईच्या काळजात सलत होतं ते निराळंच. आसरांचं भय तिला नव्हतं. सारा जन्म माणसांच्या गलक्यात काढलेला नवरा शेवटच्या खेपेला रिकाम्या नावेत एकटा गेला, हे तिला सहन होत नव्हतं. वाटीत कालवण वाढतावाढता मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती पुटपुटायची, "एकटेच गेले ओ." समोर कोण जेवायला बसलंय याचं भान राहायचं नाही.

पुढं घाटाच्या जरा खाली पूल झाला. खाली बंधारा झाला, गंगा वाहायची थांबली आणि बारमाही तुंबून राहिली. पोरगा देवानंद यानं वडीगोद्रीच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. गंगेचं पाणी नको म्हणायचा. बापाला काढलं त्या दिवसापासून त्यानं गंगेला पाय लावला नव्हता, दहाव्याला सुद्धा काठावरूनच वळला होता. उषाबाई मात्र आठवड्यातून एकदा तरी पुलावर जाऊन उभी राहायची आणि भांडणं उकरून काढायची. कारण आपल्या लोकांना पुलाचा एक नवा उपयोग सापडला होता. गाडी थांबवायची, घरातला जुना गणपती, भंगलेली लक्ष्मी, देवाचा फुटका फोटो पिशवीतून काढायचा, डोळे मिटून कपाळाला लावायचा आणि कठड्यावरून खाली सोडून द्यायचा. गौरीगणपतीत तर रांग. मूर्ती प्लास्टरच्या, त्या विरघळतील कशाला! उषाबाई पदर खोचून ओरडायची, "गंगा हाये का उकिरडा? तुमच्या म्हातारीला बी असंच वरून टाकता का?" माणसं मान खाली घालून किक मारायची. पुढच्या आठवड्यात दुसरी यायची.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना देवानंदची पोरगी आकांक्षा कोकणात जाऊन आली. अंबडला बँकेत नोकरीला होती, मैत्रिणींबरोबर गेलती. येताना काजू आणले, कोकम आणलं, आणि एक काचेचा मुखवटा आणला. त्याला बाजूनं वाकडी नळी.

"आजी, समुद्रात बुडालेली बोट बघितली," ती सांगू लागली. "काठापासून जरासंच आत. हा मास्क डोळ्यावर लावायचा, नळी तोंडात धरायची आन् पालथं पडायचं, बस. आपण वर, बोट खाली."

उषाबाई तूर निवडत होती. "वरून दिसती?"

"बराबर दिसती. फळ्या, कडा, समदं. मासे आत-बाहेर करून राह्यले व्हते. घरच झालंय त्यांचं."

म्हातारीचा हात सुपातच थांबला. त्याला कारण होतं. पंधरा दिवसांमागं नागसेनचं जाळं पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी अडकलं होतं. नागसेन म्हणजे देवानंदचा शाळेपासूनचा दोस्त, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरायचा. जोर लावून जाळं ओढलं तर काळ्या लाकडाच्या ढलपीसकट एक लोखंडी कडी वर आली. कडीला तांब्याच्या तारेचे वेढे. उषाबाईनं ती कडी बघितली आणि वेढ्यांवरून अंगठा फिरवला. ते वेढे कडूबानं तिच्यासमोर मारले होते. नाव आधी कित्येक वर्षं वाळूत गाडलेली होती. गेल्या काही वर्षांत वाळूवाल्यांनी केनी, म्हणजे दोराला बांधलेलं लोखंडी खोरं, लावून पाण्याखालची वाळू ओढून ओढून नेली आणि तिला उघडी पाडली. चोरांचे उपकार, दुसरं काय!

उषाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "देवानंदा, मला धोंडा पोचवायचाय."

"कुठं?"

"नावेत."

अंगणात गिऱ्हाइकाचं चाक घेऊन बसलेल्या देवानंदच्या हातातला टायर काढायचा दांडा खाली पडला. "माय, डोकं फिरलं का तुझं? वय काय, करून काय राह्यली! लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू दे. तुझ्या बापाची खेप आजून रिकामीच चाललीय. मी हाये तवर पोचवते. पाऊस लागला की पाणी पुन्हा गढूळ. आन् मी गेल्यावर तू ह्या धोंड्याचं काय करशील, मला ठावं हाये. ट्रकच्या चाकामागं लावशील."

देवानंदनं खाली बघत दांडा उचलला. तो विचार त्याच्या मनात एकदा येऊन गेलता.

तो हो म्हणाला नाही. पण सकाळी त्यानं ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब काढली, तिची ठिगळं तपासली, दुकानातल्या मशीनवर हवा भरली, आणि मधोमध गोणपाटाची झोळी बांधली. त्या झोळीत धोंडा बराबर बसला. मंग काय, हो म्हणायची गरजच उरली नाही.

फाल्गुन संपत आलेला. गंगा निवळून बाटलीतल्या तेलासारखी हिरवट, स्वच्छ झालेली. वरचं पाणी बाळंतिणीला विसण घालून द्यावं इतकं कोमट. उषाबाईनं लुगड्याचा काष्टा कचकून मारला, अंबाडा आवळला, कपाळाचं गोंदण ओल्या बोटानं पुसल्यासारखं केलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. पोहणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. गंगथडीच्या पोरी आधी तरंगतात, मग चालतात. आकांक्षा ट्यूबला धरून तिच्या बाजूला, नागसेन पुढं तराफ्यावर. ट्यूबचा दोर देवानंदच्या हातात, आणि तो काठावर, पायांतली चप्पल न काढता.

दुसऱ्या खांबापाशी आल्यावर आकांक्षानं तिला मुखवटा चढवला, पट्टा अंबाड्यावरून नीट सोडला, नळी तोंडात दिली. उषाबाईनं हात जोडले, नळीतूनच "हर गंगे"सारखं काहीतरी घोगरं म्हटलं आणि तोंड पाण्यात घातलं.

जरा वेळानं वर आली. नळी काढली.

"काळंकुट्ट हाये. काय दिसत न्हाई. तुमच्या कोकणात आत दिव्याची सोय असंल."

"काळं? एवढं लख्ख पाणी! आजी, डोळे उघडे व्हते का तुझे?"

"पाण्यात डोळे कोण उघडतं गं? बुडी मारताना डोळे झाकायचे आस्तेत. वळण न्हाई का काही?"

नागसेन एवढा हसला की तराफा कलंडला. पण त्यात हसण्यासारखं काय होतं? सत्तरी गाठलेली बाई. कार्तिकात बुडी, अमावस्येला बुडी, सोयरसुतकात बुडी. नाक धरायचं, डोळे मिटायचे, तीनदा खाली-वर. हजार बुड्या मारल्या असतील, आणि एकदाही आत बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, आता डोळे उघडे ठिवा," नागसेन म्हणाला. "गंगामाय काय रागवत न्हाई."

उषाबाईनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. थोडा वेळ पापण्या घट्टच. मग भीतभीत एक डोळा उघडला. मग दुसरा.

आगं आई गं!

तिच्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण खूप खाली, आणि मधे नुसता उजेड. आपण आता पडतो, अशी भीती वाटून तिनं ट्यूब गच्च धरली. पण ती पडत नव्हती. उन्हाचे कवडसे वरून तिरपे आत घुसत होते, पत्र्याच्या भोकांतून घरात येतात तसे, आणि खालच्या वाळूवर हलत होते. बारक्या माशांचा थवा तिच्या हाताखालून गेला, सगळे एकदम वळले, सगळे एकदम चमकले. कानात तिचाच श्वास, आत, बाहेर, आत, बाहेर. दुसरा आवाज कुठलाच नाही. पुलावरून ट्रक जात असणार, पण तो दुसऱ्या मुलखातला.

तिला वाटलं, जन्मभर हिच्या पाठीवर बसले, हिचं पाणी प्याले, हिला शिव्या दिल्या, पुरात नवरा नेला म्हणून दोन वर्षं हिला दिवासुद्धा लावला नाही. आणि ही आत अशी आहे! एवढी देखणी! कुणी सांगितलं का नाही आपल्याला? तिचे डोळे भरून आले आणि मुखवट्याच्या आत पाणी साचलं. आता आत गंगा आणि बाहेर गंगा, असं झालं.

आकांक्षानं तिचा हात धरून हळूहळू पुढं नेलं. खांबाची काळी सावली ओलांडली. आणि वाळूतून एक रेघ वर येताना दिसली. लांब, बाकदार. तिची दुसरी बाजूही. मग पुढचं निमुळतं टोक, जिथली कडी निघून आल्यानं भोक पडलेलं. नाव एका अंगावर जराशी कलली होती, एवढंच. बाकी, घाटाला लागून उभी असावी तशी ती उभी होती.

उषाबाईनं हंबरडा फोडला असता, पण तोंडात नळी होती. नुसतं 'हूंऽऽ' एवढं वर आलं, आणि तराफ्यावरच्या नागसेनच्या अंगावर काटा आला.

आणि मग तिनं नावेच्या आत बघितलं.

नावेत माणसं बसलेली होती.

आसराच! सात असतील, आठ असतील... तिनं नजर ताणली. पांढरी, गप्प, दाटीवाटीनं बसलेली. एकाला सोंड होती. दुसऱ्यालाही. तिसऱ्याची तुटलेली. गणपती! फळीफळीवर गणपती. रंग कधीच धुऊन गेलेले, पांढरेफटक, कुणाचा मुकुट नाही, कुणाचा हात नाही, पण मांडी घालून बसलेले. मांडीवर मोदकाचं ताट तसंच. त्यांच्यात एक लक्ष्मी, कमळासकट. गरुडावरचा विष्णू कलंडून शेजारच्या गणपतीच्या खांद्याला टेकलेला, बाजारातून परतताना डुलकी लागलेल्या माणसासारखा. पुढच्या फळीवर बारकी, हातभराची पोरंटोरं. कडेवर शेवाळ, शेवाळात मासळीची पिल्लं, आणि एवढ्या देवांमधून त्यांची आपली ये-जा चाललेली.

पुलावरून वर्षानुवर्षं टाकलेले देव वाळूवर सगळीकडं विखुरले होते, पालथे, उताणे, तुकडे होऊन. पण जे नावेत पडले ते बसून राहिले होते. कुणी मांडले नव्हते, कुणी मोजून सोडले नव्हते. डोळे मिटून लोकांनी टाकायचं काम केलं होतं. टाकणाऱ्याचं काही कौतुक मी सांगणार नाही, गंगेचा उकिरडा केला तो केलाच. पण जागा लावून द्यायचं काम दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

उषाबाई वर आली. झोळीतला धोंडा काढला, पोटाशी धरला, मोठा दम घेतला. आकांक्षा "आजी, थांब, नळीत पाणी शिरंल" म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. धोंड्यानं तिला सरळ खाली नेलं.

काठावर देवानंदच्या हातातला दोर सैल पडला. "माय?" तो ओरडला. "अय नागसेन, माय कुठंय? माय!"

माय नावेच्या कडेला धरून उभी होती. तिचं लुगडं भोवती फुलून आलेलं. कान दुखत होते. तिला धोंडा मधल्या फळीवर ठेवायचा होता, आणि मधल्या फळीवर एक थोराड गणपती बसला होता. त्याच्या बाजूला दुसरा. तिनं पुढची फळी बघितली. भरलेली. तिच्या पुढची. भरलेली. कुणाला सरकवून जागा करावी म्हणून तिनं हात लांब केला आणि मागं घेतला. बसलेल्या उतारूला उठवायचं नसतं, कडूबानं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकवलं होतं. फक्त मागच्या टोकाला, वल्ह्यापाशी, वीतभर फळी मोकळी होती. तिथं एकही देव नव्हता. पण ती जागा बसणाऱ्याची नव्हती. चालवणाऱ्याची होती. तिथल्या रिकाम्या पाण्यात उन्हाचा एक कवडसा उभा होता. उषाबाईनं त्या जागेला डोकं टेकवलं. आणि दम संपला.

नावेच्या कडेला पाय रेटून ती वर आली ती खोकत, शिंकत, नाकातोंडातून पाणी काढत, मुखवटा कपाळावर, अंबाडा सुटलेला. एका हातानं ट्यूब धरली. दुसऱ्या हातात धोंडा होता.

"आजी! जीव घेतला असता माझा!" आकांक्षा रडकुंडीला आली. "आन् ह्यो वापस कामून आणला? ठेवायला गेल्ती ना?"

उषाबाई हसत होती की रडत होती, तिचं तिला कळत नव्हतं. "जागा न्हाई," ती म्हणाली.

"कशाची जागा?"

"बसायला जागा न्हाई गं! गच्च भरलीय. फळीफळीला देव बसलेत. माझ्या देखत लोकांनी टाकलेले, मी शिव्या दिलेले, समदे जाऊन बसलेत त्येंच्या नावेत! आन् मी येडी म्हणते एकटे गेले. एवढं गणगोत घेऊन कोण गेलंय का? सांग, कोण गेलंय?"

आकांक्षानं आजीच्या गळ्याभोवती हात टाकला आणि ट्यूबवर दोघी तशाच तरंगत राहिल्या.

इतक्यात वर पुलावर एक मोटारसायकल थांबली. पाडव्याआधी घर झाडायला काढलं असणार. गडी उतरला, पिशवीतून जुना गणपती काढला, डोळे मिटले, मूर्ती कपाळाला लावली आणि कठड्याबाहेर हात धरला. डोळे उघडून खाली बघतो तर भर गंगेत, कपाळावर काच आणि मोकळे केस घेऊन, एक म्हातारी त्याच्याकडं बघत होती.

नागसेननं कानावर हात ठेवले. आता मावशी त्याच्या सात पिढ्या उद्धरणार, हे त्याला ठाऊक होतं.

उषाबाईनं मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडली, "भरलीऽऽ! आता पुढच्या खेपेला!"

पुलावरचा माणूस थिजला. मूर्ती पोटाशी धरून तसाच मागं सरकला, गाडीवर बसला आणि गेला. गणपती घरी घेऊन गेला बिचारा.

ती हाक पाण्यावरून घाटापर्यंत गेली. देवानंदनं ती लहानपणापासून रोज ऐकली होती आणि पुरानंतर एकदाही नाही. तेव्हा कुठं उषाबाईचं लक्ष गेलं, की पोरगा काठावर नव्हताच. चपलेसकट, छातीइतक्या पाण्यात तो उभा होता, दोर दोन्ही हातांनी धरून, आणि तिला हळूहळू आपल्याकडं ओढत होता.

उषाबाईनं धोंडा झोळीत नीट बसवला, त्याच्यावर ओला पदर टाकला, आणि हात ठेवून हलकेच म्हणाली, "चला पाव्हणं. आपण बी पुढच्याच खेपेला."